खत मातीत, मासे पाण्यात : कमळाच्या टबाविषयी वाचकांचे प्रश्न

मार्चमध्ये कमळाच्या कंदांना नवी पानं फुटू लागतात आणि त्यांच्यामागोमाग खताचे प्रश्नही येतात. यंदाच्या बहुतेक पत्रांत काळजी कमळापेक्षा माशांचीच आहे. निवडक प्रश्न आणि त्यांची उत्तरं पुढे देत आहोत.

गच्चीवर २०० लिटरच्या टबात कमळाची कुंडी आहे आणि सहा गोल्डफिश आहेत. पानं फिकट वाटली म्हणून दोन चमचे डीएपी (डायअमोनियम फॉस्फेट) खत कुंडीतल्या मातीवर पसरलं. पहिला दिवस बरा गेला. दुसऱ्या दिवशी दुपारी मासे वर येऊन धापा टाकू लागले आणि संध्याकाळपर्यंत दोन मेले. बाकीचे वाचतील का? चूक नेमकी कुठे झाली? (पुणे)

आधी आत्ता काय करायचं ते. कुंडी अलगद उचलून वेगळ्या बादलीत ठेवा, तिच्यातलं पाणी टबात सांडू देऊ नका. तळाशी दाणे दिसत असतील तर नळी लावून ओढून काढा. मग टबातलं निम्मं पाणी बदला. नळाचं पाणी थेट ओतायचं नाही, त्यातलं क्लोरिन आधीच भाजलेल्या कल्ल्यांना आणखी भाजतं. हायपो, म्हणजे सोडियम थायोसल्फेटचे खडे, मत्स्यालयाच्या दुकानात सुटे मिळतात. १०० लिटर नव्या पाण्याला १ ग्रॅम पुरतो. नवं पाणी टबातल्या पाण्याइतपतच गरम असावं. गच्चीवरच्या टाकीचं दुपारचं पाणी चटका देणारं असतं, ते घेऊ नका. दुसऱ्या दिवशी आणखी एक तृतीयांश पाणी बदला. हवेचा पंप असेल तर अखंड चालू ठेवा आणि तीन दिवस खाणं पूर्ण बंद करा, कारण मासे मेले ते खतातून आलेल्या अमोनियाने, आणि माशांची विष्ठाही पुन्हा अमोनियाच देते.

एवढ्यावर संकट संपत नाही. पाण्यातले जिवाणू अमोनियाचं नायट्राइट करतात आणि त्याची पातळी चार-आठ दिवसांनी चढते. नायट्राइटमुळे माशांचं रक्त तपकिरी पडतं आणि त्याला प्राणवायू वाहून नेता येत नाही. त्यावर साधं खडेमीठ कामी येतं, कारण मिठातला क्लोराइड कल्ल्यांमधून नायट्राइट आत शिरू देत नाही. लिटरला १ ग्रॅम म्हणजे तुमच्या टबाला २०० ग्रॅम मीठ, बादलीत विरघळवून तीन भागांत घाला. कमळाची कुंडी तोवर बाहेरच राहू द्या. अमोनिया धरून ठेवणारे झिओलाइटचे खडे वापरणार असाल तर मीठ घालू नका. मिठाच्या पाण्यात झिओलाइट धरलेला अमोनिया परत सोडतो.

आता चूक कुठे झाली ते. डीएपीत १८ टक्के नत्र (नायट्रोजन) असतं आणि ते अमोनियमच्या रूपात असतं. दोन चमचे म्हणजे अंदाजे १० ग्रॅम, त्यात नत्र १.८ ग्रॅम. ते सगळं २०० लिटरमध्ये उतरलं तर लिटरमागे ९ मिलिग्रॅम होतं. पाण्यात अमोनियम आणि अमोनिया एकत्रच असतात. पैकी अमोनियम माशाला फारसं बाधत नाही, अमोनिया मारतो. कोणाचा वाटा किती हे पाण्याचा सामू (पीएच) ठरवतो. २८ अंशांच्या पाण्यात सामू ७ असेल तर एकूण नत्रापैकी जेमतेम ०.७ टक्के विषारी रूपात असतं. सामू ८ झाला की साडेसहा टक्के आणि ९ झाला की ४० टक्क्यांच्या वर. कडक उन्हातल्या, किंचित हिरवट टबाचा सामू दुपारी साडेआठावर सहज जातो, कारण शेवाळ पाण्यातला कार्बन डायऑक्साइड शोषून घेतं. साडेआठाला हा वाटा १८ टक्के असतो. ९ मिलिग्रॅमचे १८ टक्के म्हणजे १.६. माशांच्या पाण्यात विषारी अमोनिया ०.०२ मिलिग्रॅमच्या आत असावा असं मानतात. तुमच्या टबात तो ऐंशी पट झाला होता.

मासे दुपारी धापा टाकू लागले, यातच निदान आहे. पहाटे तोंड वर काढून असलेले मासे ऊन चढल्यावर सावरत असतील तर ती प्राणवायूची कमतरता. सकाळी बरे असलेले मासे दुपारी तळमळत असतील, कल्ले लालभडक दिसत असतील, तर अमोनियाचा संशय घ्या. टेस्ट किट विषारी आणि बिनविषारी मिळून एकच आकडा दाखवतं, त्यामुळे सामू मोजल्याशिवाय त्या आकड्याला अर्थ नाही. आणि सामू मोजायचा तो दुपारी चारला, सकाळी सातला नव्हे.

म्हणजे मासे असतील तर रासायनिक खत द्यायचंच नाही का? (नाशिक)

द्यायचं, पण मातीच्या पोटात. कमळ आणि कुमुदिनी (वॉटर लिली) दोन्ही खादाड आहेत आणि अन्न घेतात ते मुळांनी, मातीतून. पाण्यात विरघळलेलं खत त्यांच्यापेक्षा आधी शेवाळ खातं.

प्रमाणाचा एक हिशोब लक्षात ठेवा. एका वेळी दिलेलं सगळं खत चुकून पाण्यात आलं तरी मासे तगले पाहिजेत. त्यासाठी टबातल्या १०० लिटर पाण्यामागे एका वेळी १ ग्रॅमपेक्षा जास्त डीएपी नको. २०० लिटरच्या टबाला २ ग्रॅम, म्हणजे सपाट अर्ध्या चहाच्या चमच्याहूनही थोडं कमी. दर पंधरा दिवसांनी एवढं दिलं तर मध्यम जातीच्या कमळाला ते कमी पडत नाही. कुमुदिनीला तीन आठवड्यांनी पुरे. टबात किती पाणी आहे याचा अंदाज बहुतेकांचा चुकतो, म्हणून मोजा. चौकोनी हौदाची लांबी, रुंदी आणि पाण्याची खोली फुटांत घेऊन गुणा आणि २८ ने गुणा, लिटर येतात. गोल टबाला व्यास गुणिले व्यास गुणिले खोली, त्याला २२ ने गुणा. कुंडीने आणि मातीने व्यापलेली जागा त्यातून वजा करायची. ‘२०० लिटरच्या’ टबात प्रत्यक्ष पाणी १४० लिटरच निघतं, असं बऱ्याचदा होतं.

आता पुड्या. २ ग्रॅम डीएपीचे चार भाग करा. प्रत्येक भाग पेपर नॅपकिनच्या चतकोर तुकड्यात घट्ट गुंडाळा. त्यावर ओल्या चिकणमातीचा लिंबाएवढा गोळा वळा आणि सावलीत एक दिवस सुकवा. ही माती चाळलेली, खडे नसलेली हवी. गोळ्याला चीर पडली तर ती बोटाने लिंपून घ्या. कुंडीच्या मातीत बोट घालून चार इंच खोल भोक करा, गोळा तळाशी ढकला, अंगठ्याने माती दाबून भोक बुजवा आणि वर मूठभर वाळू पसरा. बुडबुडे आले तर घाबरू नका, मातीतली हवा बाहेर येते. गढूळ ढग उठला मात्र, तर हात फार जोरात फिरला आहे असं समजा.

जागा कुठली, यात कमळ आणि कुमुदिनीत फरक आहे. कुमुदिनीचा गड्डा मधोमध असतो, म्हणून गोळे कुंडीच्या कडेला ठेवायचे. कमळाचे धावते कंद कुंडीच्या कडेकडेने गोल फिरतात आणि त्यांचं टोक फार नाजूक असतं, म्हणून कमळाला गोळे मध्याच्या बाजूला. टोकाला खत लागलं की ते काळं पडतं आणि त्या फांदीची वाढ तिथेच थांबते. नुकत्याच लावलेल्या कंदाला खत देऊच नका. आधी तरंगती पानं येतात, मग पाण्याच्या वर उभी राहणारी. उभी पानं दोन-तीन झाल्यावर पहिली पुडी. तोवर कंद स्वतःच्या शिदोरीवर जगतो आणि खताने कुजतो.

कुंडीला खाली भोक नसावं, हे पुष्कळजण विसरतात. भोकाच्या कुंडीत खत खालून पाझरतं आणि वरची सगळी काळजी वाया जाते. मातीत कोकोपीट, पर्लाइट, नर्सरीचं ‘पॉटिंग मिक्स’ काही घालू नका. ते तरंगतं आणि खत धरून ठेवत नाही. आपली काळी माती या कामाला उत्तम. तिच्या बारीक कणांवर ऋण भार असतो, त्यावर अमोनियम चिकटून राहतं आणि मुळं ते हळूहळू सोडवून घेतात. नुसती काळी माती फार गच्च बसते म्हणून तीन भाग काळी माती आणि एक भाग नदीची वाळू किंवा पोयटा घ्या.

आमच्याकडे भाताला युरिया-डीएपीच्या ब्रिकेट (दाबून केलेल्या गोळ्या) मिळतात. त्याच कमळाच्या कुंडीत पुरल्या तर? (चिपळूण)

हा प्रश्न वाचून आनंद झाला, कारण वर सांगितलेली पद्धत मुळात भाताचीच आहे. भाताच्या चारसूत्री लागवडीत चार चुडांच्या (रोपांच्या जुड्यांच्या) मध्ये एक ब्रिकेट सात ते दहा सेंटिमीटर खोल खोचतात, ती एवढ्यासाठीच की नत्र चिखलात अडकून राहावं, पाण्यात आणि हवेत जाऊ नये. कमळाची कुंडी म्हणजे लहानसं भातखाचरच.

फक्त मात्रा बघा. एक ब्रिकेट २.७ ग्रॅमची, त्यात निम्म्याहून जास्त युरिया, म्हणून नत्र जवळजवळ १ ग्रॅम. आमच्या हिशोबाने एका अख्ख्या ब्रिकेटला ५०० लिटर पाणी हवं. टब लहान असेल तर सुरीने तोडून चतकोर तुकडा वापरा आणि तोही मातीच्या गोळ्यात गुंडाळून. युरियाची एक खोड माहीत असू द्या. तो स्वतः अमोनिया नसतो. माती-पाण्यातले जिवाणू त्याचा अमोनिया करतात आणि त्याला दोन-चार दिवस जातात. त्यामुळे युरिया सांडल्यावर दोन दिवस मासे मजेत दिसतात, खत मानवलं असं वाटतं आणि मग घात होतो. आठवडाभर पाणी तपासत राहा.

शेततळ्यात मासे वाढवणारे तर पाण्यातच युरिया आणि सुपर फॉस्फेट टाकतात. त्यांचे मासे कसे मरत नाहीत? (सांगोला)

कारण ते फार थोडं टाकतात. कटला-रोहूच्या तळ्यासाठी हेक्टरी वर्षाला साधारण २०० किलो युरिया सांगितला जातो, तोही हप्त्याहप्त्याने. महिन्याला १७ किलो धरा. हेक्टर म्हणजे १०,००० चौरस मीटर, म्हणजे एका चौरस मीटरला १.७ ग्रॅम. त्याच्याखाली दीड ते दोन मीटर पाणी, म्हणजे दीड-दोन हजार लिटर. थोडक्यात, हजार लिटरला महिन्याला एक ग्रॅम युरिया. तुमच्या २०० लिटरच्या टबात एक चमचा म्हणजे ५ ग्रॅम टाकला तर तो त्यांच्या पंचवीस पट होतो.

शिवाय त्यांना पाणी हिरवं करायचंच असतं. हिरवेपणा म्हणजे माशांचं खाद्य. तुम्हाला पाण्यातून मासे दिसायला हवेत. हेतू वेगळा, तर कृतीही वेगळीच असणार.

सेंद्रिय खत सुरक्षित असतं ना? शेणखत, गांडूळखत, पेंड यातलं काय चालेल? (अलिबाग, कोल्हापूर आणि इतर)

‘सेंद्रिय’ या शब्दावर माशांचा विश्वास नाही. ताजं शेण आणि कच्ची पेंड पाण्यात कुजताना अमोनियाही देतात आणि प्राणवायूही खातात, म्हणजे दोन्ही बाजूंनी मार. शेंगदाण्याची पेंड कुंडीत घातली तर तीन दिवसांत पाण्यावर तवंग आणि वास येतो.

निंबोळी पेंड मासे असलेल्या टबात नको. मोहाची पेंड तर मुळीच नको. तिच्यातलं सॅपोनिन कल्ल्यांवर हल्ला करतं, आणि मत्स्यशेतीत बीज सोडण्याआधी तळ्यातले नको असलेले मासे मारायला हेक्टरी २,५०० किलो मोहाची पेंड वापरतात ती याच गुणासाठी. नर्सरीत ‘मिश्र पेंड’ म्हणून मिळणाऱ्या पिशवीत काय काय आहे ते विचारल्याशिवाय घेऊ नका.

चालतं ते असं : किमान सहा महिने कुजलेलं, मातीचा वास येणारं शेणखत. तेही फक्त नव्याने कुंडी भरताना, तळाच्या दोन इंचांत, एकूण मातीच्या दहाव्या हिश्शाइतकं. त्यावर सहा इंच साधी माती, त्यावर वाळू. सोबत मूठभर हाडांचा चुरा चालेल, तो सावकाश विरघळतो. कुंडी भरल्यावर पंधरा दिवस माशांशिवाय ठेवा, पाणी दोनदा बदला आणि मग टबात उतरवा. गांडूळखत हलकं असतं, तरंगतं आणि पाणी चहासारखं होतं. ते टाळलेलं बरं.

गोल्डफिश कुंडी उकरतात आणि पुरलेली पुडी वर येते. (ठाणे)

वाळू बारीक असेल तर उकरणारच, तो त्यांचा स्वभाव आहे. वाळूवर सुपारीएवढ्या गोट्यांचा दीड-दोन इंच थर द्या, कोंब येणारी जागा मोकळी सोडा. कोई जातीचे मासे असतील तर गोटे मुठीएवढे हवेत, लहान गोटे ते तोंडाने उचलून फेकतात. आवरण असलेलं सावकाश सुटणारं दाणेदार खत वापरत असाल तर ही काळजी दुप्पट घ्या. ते पिवळसर गोल दाणे माशांना खाणं वाटतं. त्या खताच्या पाकिटावर लिहिलेले ‘तीन-चार महिने’ही आपल्याकडे खरे ठरत नाहीत. ती मुदत २१ अंशांना धरलेली असते आणि आपल्या टबात एप्रिलमध्ये पाणी ३२ अंशांवर असतं. दाणे लवकर रिते होतात, म्हणजे सुरुवातीचे आठवडे खत अपेक्षेपेक्षा जास्त सुटतं. पाकिटावरच्या मात्रेच्या निम्म्यानेच सुरुवात करा.

खत देऊनही पानं पिवळी पडतात. फुलंही नाहीत. खत वाढवू का? (औरंगाबाद रोड, अहिल्यानगर)

कुठली पानं, ते आधी सांगा. जुनी, कडेची पानं एकसारखी पिवळी होत असतील तर नत्र कमी आहे किंवा पानाचं वय झालं आहे. कुमुदिनीचं पान काही आठवड्यांत आपोआप पिवळं पडतं, ते देठासकट काढून टाका, कुजू देऊ नका. नवी पानं पिवळी आणि शिरा हिरव्या, तर लोह मिळत नाही. बोअरच्या कठीण पाण्यात हे हमखास दिसतं. अशा वेळी डीएपी वाढवलं तर फॉस्फरसमुळे लोह आणखीच अडकतं.

लोहासाठी हिराकस (फेरस सल्फेट) पाण्यात टाकू नका, त्याने सामू घसरतो आणि कल्ल्यांवर गंज बसतो. ईडीटीएचं चिलेटेड लोह सामू साडेसहाच्या वर टिकत नाही, तुमच्या पाण्यात ते वायाच जाईल. ईडीडीएचए प्रकारचं घ्या. ते १ ग्रॅम मातीच्या गोळ्यातून महिन्याला एकदा पुरे, आणि पाण्याला थोडा तांबूस रंग आला तर तो त्याचाच आहे. द्राक्ष-डाळिंबावर फवारायचं सूक्ष्म अन्नद्रव्यांचं मिश्रण पानांवर मारू नका. त्यात तांबं आणि जस्त असतं, थेंब ओघळून पाण्यात येतात आणि तांब्याची सहनशक्ती माशांत अगदी कमी असते, गोगलगाईंत त्याहून कमी.

फुलांचं म्हणाल तर खताला हात लावण्याआधी ऊन मोजा. कुंडीवर सहा तास थेट ऊन पडत नसेल तर कमळ फुलत नाही, कितीही खाऊ घाला. पानं मोठी, गर्द हिरवी आणि फूल नाही, असं असेल तर नत्र उलट जास्त झालंय.

खत दिल्यापासून पाणी वाटाण्याच्या सूपासारखं झालंय. मोरचूद टाकावं का? (डोंबिवली)

नाही. मोरचूद म्हणजे तांबंच. आणि समजा त्यातून मासे वाचले, तरी एका झटक्यात मेलेलं शेवाळ कुजताना रात्रीत पाण्यातला प्राणवायू संपवेल.

पाणी हिरवं झालं याचा अर्थ खत मातीबाहेर आलं आहे. पुड्या वरवर राहिल्या आहेत का बघा, दोन महिने खत थांबवा. दर चार दिवसांनी पाव पाणी बदला, त्याहून जास्त नाही. पृष्ठभागाचा निम्मा-साठ टक्के भाग पानांनी झाकला गेला की पाणी आपोआप निवळतं. मार्च-एप्रिलमध्ये कमळाची पानं लहान असताना थोडा हिरवेपणा येतोच, त्याचा फार बाऊ करू नये. सावलीसाठी पाण्यावर तरंगणाऱ्या पिस्टियाची चार रोपं सोडा, ती पाण्यातलं खतही ओढून घेतात. जलपर्णीही हेच काम करते, पण जास्तीची झाडं नाल्यात किंवा नदीत फेकायची नाहीत. मुळा-मुठेत ती किती माजली आहे हे पुणेकरांना विचारा. वाळवा आणि कंपोस्टमध्ये घाला. धाग्यांचं शेवाळ असेल तर खरखरीत काठीवर शेवयांसारखं गुंडाळून काढता येतं.

माशांना दोन दिवस बादलीत ठेवून खत घालावं आणि मग परत सोडावं, हे बरं ना? (सोलापूर)

त्याने फक्त संकट पुढे ढकललं जातं, नायट्राइट चढायला लागण्याच्या सुमारास मासे नेमके परत जातात. शिवाय पकडण्याच्या दगदगीनेच अर्धे आजारी पडतात. आणि टब आठवडाभर माशांशिवाय राहिला तर डासांच्या अळ्या होतात. डेंग्यू पसरवणारा डास असल्याच स्वच्छ पाण्यात अंडी घालतो. अळ्या खाणाऱ्या गप्पी टबातच राहू द्या. मरून कमी झाल्या असतील तर अनेक महापालिकांच्या हिवताप विभागात त्या विनामूल्य मिळतात.

हिवाळ्यात खत किती द्यावं? (नागपूर)

कमळाला शून्य. ऑक्टोबरअखेर शेवटची पुडी, मग पानं वाळू द्यायची. उष्ण प्रदेशातल्या जातीची निळी-जांभळी कुमुदिनी थंडीतही फुलत असेल तर पाणी २० अंशांच्या वर असेपर्यंत निम्मी मात्रा, महिन्यातून एकदा. थंड पाण्यात जिवाणू मंदावलेले असतात आणि अमोनियाचा निचरा सावकाश होतो, म्हणून माशांचं खाणंही कमी करा. फेब्रुवारीअखेर कमळाचा कंद विभागून नवी माती भरायची, आणि त्यानंतर दुसरं-तिसरं उभं पान येईपर्यंत डीएपीची पिशवी उघडायची नाही.